वाटीभर खीर

सिद्धेश्वरी कलशेट्टीची उजवीकडची खालची दाढ आठवडाभर ठणकत होती. दंतवैद्य बाईंनी एक्स-रे बघून सांगितलं, ही वाचत नाही, काढावी लागेल. मग डायरी उघडून त्यांनी विचारलं, "शनिवारी सकाळी साडेदहा जमेल? नाहीतर सोमवारी संध्याकाळी. तोवर गोळ्या देते, दुखणं आवरेल."

सिद्धेश्वरी म्हणाली, "शनिवारी."

शनिवारी दुपारी बुद्धप्रियाच्या नव्या घरी जेवण होतं. ते तिला ठाऊक होतं. गाल सुजला होता, दोन रात्री झोप नव्हती, हेही खरं होतं. पण शनिवार हा शब्द तोंडातून बाहेर पडला तेव्हा दुखणं संपणार म्हणून हायसं वाटलं की आणखी कशासाठी, हे तिनं त्या वेळी स्वतःला विचारलं नाही. नंतर मात्र पुष्कळदा विचारलं.

ती आणि बुद्धप्रिया तळभंडारे सोळा वर्षं एकाच शाळेत शिकवत होत्या. सिद्धेश्वरी मराठी, बुद्धप्रिया विज्ञान. स्टाफरूममध्ये त्यांच्या खुर्च्या शेजारी, मुलांच्या सहली एकत्र, निवडणुकीची ड्यूटीसुद्धा एकदा एकाच केंद्रावर. सिद्धेश्वरीला टायफॉइड झाला तेव्हा बुद्धप्रियानं दीड महिना तिचे तास घेतले होते. मैत्रिणी म्हणून शाळेत दोघींचंच नाव घेत.

फक्त एक गोष्ट होती. बुद्धप्रिया सिद्धेश्वरीच्या डब्यातली शेंगापोळी मागून खायची, आणि सिद्धेश्वरीनं बुद्धप्रियाच्या डब्यातलं कधी काही खाल्लं नव्हतं. आज सोमवार आहे गं. ॲसिडिटी झालीय. आत्ताच खाऊन आले. अँटिबायोटिक चालू आहे. घरी बाळीवेशीत सासू पार्वतम्मा कडक, गळ्यात लिंग, पूजेशिवाय पाणी न घेणाऱ्या. पण सासू काही स्टाफरूममध्ये बसलेली नव्हती. सिद्धेश्वरी वर्गात मुलांना समतेवर निबंध लिहायला सांगायची आणि ते तपासताना मनापासून शेरे द्यायची. हे सगळं खोटं आहे, जुनं आहे, असं तिलाही वाटायचं. पण तो घास समोर आला की हात पुढं व्हायचा नाही आणि तोंड आपोआप काहीतरी कारण सांगून मोकळं व्हायचं. पाच-सहा वर्षांनी बुद्धप्रियानं डबा पुढं करणं बंद केलं. दोघींपैकी कुणी त्याबद्दल बोललं नाही.

या वेळी गोष्ट वेगळी होती. बुद्धप्रियानं बुधवार पेठेतलं भाड्याचं घर सोडून जुळे सोलापुरात स्वतःचं रो-हाऊस घेतलं होतं. तिची आई केसरबाई मंगळवेढ्याकडच्या रानात खुरपणी करून आणि पुढं सोलापुरात सूतगिरणीत राबून म्हातारी झालेली. नवरा लवकर गेल्यावर तिनं एकटीनं पोरीला शिकवलं होतं.

"आईनं निरोप दिलाय," बुद्धप्रिया म्हणाली होती. "बाई जेवायला आल्याच पाहिजेत. सगळं शाकाहारी आहे. पुरण ती स्वतः घालणार आहे, कुणाला हात लावू देणार नाही."

"येणार म्हणजे येणार," सिद्धेश्वरीनं सांगितलं होतं. "पोटभर जेवणार. शब्द देते."

शनिवारी दाढ सव्वाअकराला निघाली. डॉक्टर बाईंनी एक टाका घातला, गॉजचा बोळा दाताखाली दिला आणि छापील कागद हातात ठेवून एकेक ओळ बोटानं दाखवली. बोळा पाऊण तास दाबून धरायचा. थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही प्यायचं नाही.

"आणि ओठ, जीभ, अर्धा जबडा तीन-चार तास बधिर राहील," त्या म्हणाल्या. "ते जाईपर्यंत काहीही चावायचं नाही. स्वतःचा ओठ चावला गेला तरी कळत नाही माणसाला. गरम तर अजिबात नाही. जखमेत रक्ताची गुठळी धरते, तीच तिचं झाकण. ती निघाली तर फार हाल होतात."

"भूक लागली तर?"

"बोळा काढल्यावर गार दूध घ्या. गार खीर, ताक चालेल. नुसतं गिळायचं. संध्याकाळी मऊ दहीभात."

कागद पर्समध्ये टाकून तिनं रिक्षा केली. घरी जाऊन पडायचं आणि फोन करायचा, हे सोपं होतं. पण शब्द दिला होता. तोंड दाखवून यावं, अडचण सांगावी, प्रियाला कळेल, असं तिनं ठरवलं.

दारात तोरण होतं. भंतेजींचा परित्राण पाठ आटोपला होता. हॉलमध्ये बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना ताजे हार होते, पांढऱ्या कपड्यांतले पाहुणे भिंतीशी बसले होते आणि पहिली पंगत वाढायला सुरुवात झाली होती. बुद्धप्रिया पांढऱ्या साडीत धावतच पुढं आली.

"आलीस! मला वाटलंच होतं, या वेळी येणार तू."

सिद्धेश्वरीनं गालावर हात ठेवला. अर्धी जीभ जड झाल्यानं शब्द फेंगडे बाहेर पडत होते. "दाढ काढली गं. आत्ताच. जेवता यायचं नाही."

बुद्धप्रियाच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तसंच राहिलं, कुणी काढून घ्यायचं विसरल्यासारखं.

"आज?"

"फार दुखत होती."

"बरं," बुद्धप्रिया म्हणाली. "आईला भेट तरी. आत आहे."

स्वयंपाकघरात केसरबाई ओट्याशी उभी होती. पंच्याहत्तरीची, वाळलेली, पण ताठ. ओट्यावर एक नवं कोरं ताट बाजूला काढून ठेवलं होतं. त्यात दोन पुरणपोळ्या, भजी, कुरडई, आणि येळवणीच्या आमटीसाठी रिकामी वाटी.

"या बाई, या. लई वाट बगितली. हे ताट तुमचंच. कुनालाच हात लावू दिला न्हाय."

"मावशी, दाढ काढलीय," सिद्धेश्वरी म्हणाली. "चावायला बंदी आहे."

"आगं बया! लई दुकत आसंल की." केसरबाई खरोखरच कळवळली. "मग पोळी र्‍हाऊ द्या. शेवयाची खीर हाय, सकाळीच करून फ्रिजात ठेवलीया. गार हाय चांगली. वाटीभर घ्या."

आणि सिद्धेश्वरी म्हणाली, "नको नको मावशी, काहीच नको. डॉक्टरांनी काहीच घ्यायचं नाही म्हणून सांगितलंय."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच कळलं की आपण काय बोललो. बोळा तिनं रिक्षातच काढून टाकला होता. खीर चालली असती. खीर कागदावर लिहिलेली होती. पण सोळा वर्षांच्या सवयीनं जीभ वळली होती. अर्धी बधिर होती, तरी तेवढ्यापुरती वळली.

केसरबाई फ्रिजचं दार धरून उभी होती. ते तिनं हळूच लावलं.

"माजे चार काडलेत बाई," ती म्हणाली. "सरकारी दवाखान्यात. डाक्टरनंच सांगितलं, म्हातारे, गार दूध पी, खीर खा. तुमचा डाक्टर निराळा आसंल."

दारात बुद्धप्रिया येऊन थांबली होती. "आई, राहू दे."

"र्‍हाऊच दिलंय की. इतकी वर्सं र्‍हाऊच दिलंय." केसरबाईचा आवाज चढला नव्हता. "बाई, साक्षी पाचवीत स्कॉलरशिपला आली तवा तुमी आमच्या बुदवार पेटंतल्या घरी आला होता. म्या लाडू दिला. तुमी रुमालात बांदला, घरी पोरास्नी देते म्हनला. तुमची छत्री र्‍हायली म्हनून म्या मागनं पळत आले. कोपऱ्यावर गाय हुती. तिच्याम्होरं टाकला तुमी. तसाच, रुमाल झटकून."

सिद्धेश्वरीला तो कोपरा आठवला, गाय आठवली. छत्री दुसऱ्या दिवशी शाळेत मिळाली होती, बुद्धप्रियाच्या हातून. म्हणजे दहा वर्षं या म्हातारीला ठाऊक होतं. बुद्धप्रियाला? तिनं वळून बघितलं. बुद्धप्रिया ओट्यावरच्या ताटाकडं बघत होती.

"मला राग न्हाय," केसरबाई म्हणाली. "गायीनं खाल्ला, वाया न्हाय गेला. पर आज तरी खोटं बोलायचं न्हवतं. माज्या पोरीच्या घरात आज पैलाच दिस हाय."

तेव्हाच तिनं खीर मागून घेतली असती, तर गोष्ट कदाचित तिथंच मिटली असती. पण सिद्धेश्वरीच्या डोक्यात रक्त चढलं होतं. आता खीर घेतली तर पकडली गेली म्हणून घेतली असं होईल. आता वाटीभर गिळून भागणार नाही. खोटी नाही मी, दाखवतेच. तिनं ओट्यावरचं ताट उचललं.

"सिद्धा, काय करतेस?" बुद्धप्रिया म्हणाली.

"जेवते."

"अगं, पण दाढ..."

"शब्द दिला होता ना?"

ती ताट घेऊन हॉलमध्ये गेली आणि पंगतीत जागा करून बसली. वाढणाऱ्या बाईनं वाटीत वाफाळती आमटी ओतली, पोळीवर तूप सोडलं. समोर बुद्धप्रियाचे मामा-मामी, शेजारी नव्या कॉलनीतल्या बायका. सिद्धेश्वरीनं पोळीचा मोठा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि डावीकडं ठेवून चावायला लागली. चव अर्धीच कळत होती. गरम लागतंय की नाही तेही अर्धंच. पुरणात जायफळ जास्त होतं, एवढं मात्र समजलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा या घरचं अन्न तिच्या तोंडात होतं आणि ते तोंड तिचं राहिलं नव्हतं. तिनं दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला. मान वर करून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. केसरबाई तिथं उभी होती. आपण जेवतोय हे म्हातारीला दिसतंय, याचं सिद्धेश्वरीला समाधान वाटलं. समाधानच, दुसरं काही नाही. ते तिला पुढं फार लागलं.

चौथ्या घासाला मामींनी हात वर केला. "बाई, रगत!"

सिद्धेश्वरीला काहीच जाणवत नव्हतं. खाली बघितलं तर पोळीवर, तुपावर, साडीच्या निऱ्यांवर लाल थेंब. हनुवटीवरून ओघळ चालला होता. पंगत थांबली. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला, तिनं चूळ भरायला तोंडाला लावला, तोच साक्षी, बुद्धप्रियाची मुलगी, ओरडली, "काकू, चूळ नका भरू!"

साक्षी डेंटलच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिनं तोंड उघडायला लावून मोबाईलच्या उजेडात आत बघितलं. खालचा ओठ आतून दोन ठिकाणी चावून फाटला होता आणि जखमेवरची गुठळी अर्धी निघून लोंबत होती. तिनं धुतलेल्या सुती कापडाचा बोळा करून दाताखाली दिला, बाहेरून गालाला बर्फ लावला.

"भूल उतरायच्या आत चावलंत कसं तुम्ही? सांगितलं नाही का कुणी? कागद दिला असेल की." सिद्धेश्वरी बोलू शकत नव्हती. तिनं पर्सकडं बोट केलं, कारण नकार द्यायला सुचलं नाही. साक्षीनं कागद काढला आणि तिला बजावण्यासाठीच, निष्पाप मनानं, मोठ्यानं वाचला. "हे बघा, स्पष्ट लिहिलंय. चावू नये. गरम पदार्थ घेऊ नयेत. गार दूध, गार खीर, ताक चालेल. खीर आजीनं केलीच होती की! ती का नाही घेतली?"

केसरबाई वाकली, रक्ताचे थेंब पडलेलं ताट तिनं दोन्ही हातांनी उचललं आणि आत नेलं. साक्षीनं रिक्षा बोलावली. बुद्धप्रिया फाटकापर्यंत आली, "सांभाळून जा," म्हणाली आणि रिक्षा वळायच्या आत परत फिरली.

चार वाजता भूल उतरली आणि ओठ पेटल्यासारखा झाला. रविवार कसाबसा गेला. सोमवारी कळ कानापर्यंत चढली, डोळ्यातून पाणी यायला लागलं. मंगळवारी डॉक्टर बाईंनी बघितलं आणि मान हलवली. "गुठळी पार गेलीय. आत हाड उघडं पडलंय. काय खाल्लंत?"

"पुरणपोळी."

"त्याच दिवशी? शिकलेल्या माणसांनी असं करावं?" त्यांनी लवंगेच्या तेलाचा वास येणारं औषध खळग्यात भरलं आणि दर दोन दिवसांनी बदलायला बोलावलं.

घरी पार्वतम्मांनी ताकात कुस्करलेला भात पुढं ठेवला आणि सगळं काढून घेतलं. कुठं जेवलीस, कुणाकडं, काय खाल्लंस. नवरा अमरेश पेपर वाचत होता, त्यानं पेपर खाली घेतला नाही. ऐकून झाल्यावर पार्वतम्मा म्हणाल्या, "अगं देवा! तिथं तोंड घातलंस म्हणूनच चिघळलं. लिंगापुढं हात जोड आणि पुन्हा नको जाऊ."

हे खोटं आहे, हे सिद्धेश्वरीला तोंडानं सांगता आलं असतं. तोंडात औषध होतं, पण जीभ मोकळी होती. माझ्या हट्टानं झालं, त्या म्हातारीनं तर मला गार खीर दिली होती, एवढंच बोलायचं होतं. तिनं ताकभात गिळला. पार्वतम्मांनी समजायचं ते समजून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या शरणम्मांनाही तसंच सांगितलं. सिद्धेश्वरीनं ते जिन्यातून ऐकलं आणि तेव्हाही ती खाली उतरली नाही.

गुरुवारी ती शाळेत गेली. मधल्या सुट्टीत बुद्धप्रिया स्टाफरूममध्ये नव्हती. प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुऊन स्टँडला लावत होती. सिद्धेश्वरी दारातच थांबली.

"प्रिया, माझं चुकलं. खीर घ्यायला हवी होती. पण नंतर मी जेवले ना गं. एवढं रक्त आलं तरी जेवत होते."

बुद्धप्रियानं हातातली नळी खाली ठेवली. "तेच तर, सिद्धा. तू नाही म्हणायचीस ना, त्याची मला सवय झाली होती. लाडवाचं आईनं मला तेव्हाच सांगितलं होतं. तरी मी तुझ्या शेजारी बसत होते. म्हटलं, माणूस हळूहळू सुटतो. पण शनिवारी तू काय केलंस, सांगू? आमच्या घरात जेवणं म्हणजे फार मोठं काहीतरी आहे असं करून दाखवलंस. रक्त सांडून. सगळ्या पाहुण्यांसमोर. मामी घरी जाताना म्हणाली, त्या बाईला आपलं अन्न सोसलं नाही. माझ्या घराचा पहिला दिवस, आणि आई मोरीत बसून तुझ्या रक्ताचं ताट घासत होती."

"मी तसं मनात..."

"मनात काय होतं ते तुझं तुला माहीत." बुद्धप्रियानं ठेवलेली नळी उचलून स्टँडला लावली. "शनिवारचीच वेळ का घेतलीस, हे मी विचारणार नाही. विचारलं तर तू काहीतरी कारण सांगशील."

घंटा झाली. मुलं रांगेनं आत यायला लागली, "मॅडम, इथं बसू?" विचारायला लागली. सिद्धेश्वरी बाजूला झाली.

त्यानंतर त्या बोलायच्या. वेळापत्रकाबद्दल, पेपर तपासणीबद्दल. जूनमध्ये बुद्धप्रियानं दुपारचं सत्र मागून घेतलं. मुख्याध्यापकांनी सिद्धेश्वरीला विचारलं, तुमचं काही बिनसलंय का? ती म्हणाली, नाही हो, त्यांना सोयीचं पडतं.

जखम भरायला महिना लागला. आता काहीही खा, डॉक्टर बाई म्हणाल्या. त्या रविवारी सिद्धेश्वरी कुणाला न सांगता जुळे सोलापूरला गेली. बुद्धप्रिया साक्षीला घेऊन बाजारात गेली होती. केसरबाई अंगणात खुर्ची टाकून ज्वारी निवडत होती. सिद्धेश्वरी फाटक उघडून आत गेली आणि पायरीशी उभी राहिली.

"मावशी, मी माफी मागायला आले."

केसरबाईनं सूप मांडीवरून बाजूला ठेवलं आणि डोळे बारीक करून तिच्याकडं बघितलं. "बरी झाली व्हय दाड?"

"हो. आता काही त्रास नाही. सगळं खाता येतं."

"बरं झालं."

एवढं म्हणून तिनं सूप परत मांडीवर घेतलं. सिद्धेश्वरी वाट बघत उभी राहिली. आता आत या म्हणेल, पाणी देऊ का म्हणेल. म्हातारीच्या उभ्या आयुष्यात दारी आलेलं माणूस कोरडं गेलं नसेल. केसरबाईनं चार खडे वेचून बाजूला टाकले, सूप एकदा पाखडलं, पुन्हा वेचायला लागली. घराचं दार तिच्या मागं उघडंच होतं.

"येते मावशी," शेवटी सिद्धेश्वरी म्हणाली.

"या," केसरबाई म्हणाली. "फाटक तेवडं लावून घ्या. कुत्री येत्यात."